गुरुवारचा बसलेला घसा

अहो,

नावाने हाक मारायची सवय नाही, त्यामुळे वर एवढंच लिहिलंय. ओळखून घ्या.

उद्या रविवार. कॉलनीच्या कोर्टवर बास्केटबॉलची फायनल आहे, आपली टीम आणि खोपोलीवाले. मॅचच्या दिवशी आपण दोघं एकमेकांशी बोलत नाही, म्हणून जे काय बोलायचं ते आज शनिवारीच उरकून घेते. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले, तरी नियम तो नियम. शिवाय मी रागावलेली आहे. हा राग लिहून काढलेला बरा, नाहीतर तुमच्या फोटोवर निघेल.

झालं असं, की आपल्या टीमने निरोप पाठवला होता. काकू, फायनलला काकांची हिरवी टोपी घेऊन या, त्यांच्या पायरीवर ठेवू. मला भरून आलं. लगेच तुमची ट्रंक उपसायला घेतली. टोपी मिळाली. आणि टोपीच्या खाली, तुमच्या बॉयलरच्या सर्टिफिकेटच्याही खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी मिळाली. आत टी-शर्ट. पिवळा. खोपोलीवाल्यांचा पिवळा! पाठीवर छापलंय ‘काका’.

ट्रंकेतून पाल निघाली असती तरी मी एवढी दचकले नसते.

अहो, ज्या घरात वैशूच्या लग्नात पिवळ्या फुलांच्या माळा तुम्ही लावू दिल्या नाहीत, त्या घरात हा शर्ट? हळद लागली म्हणून नवरीला चिडवणारे तुम्हीच ना, की ही खोपोलीला फितूर झाली? आता फितूर कोण झालं, सांगा बघू.

या नादाला मला लावलंत कुणी? तुम्ही. मी कडावची. शेणगोठा आणि भातलावणी यापलीकडे मला काय ठाऊक? लग्न होऊन रसायनीच्या कॉलनीत आले, तर दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही मला कोर्टवर नेऊन बसवलंत. मी ती जाळी बघितली आणि विचारलं, “हिला तळ नाय, मग बॉल राह्यचा कसा?” पुढच्या पायरीवरचे तुमचे शिफ्टवाले मागे वळून हसले होते. मी पुढचे चार दिवस तुमच्याशी धड बोलले नव्हते.

आणि वर्षभरात मीच रेफ्रीला शिव्या घालायला लागले. कसं झालं ते कळलं नाही. कारखाना अर्धा बंद झाला, कॉलनीतल्या बिल्डिंगा रिकाम्या पडल्या, गवत गुडघ्यापर्यंत आलं, पण कोर्ट आपण स्वच्छ ठेवलं. तुम्ही झाडायचात, मी सूप घेऊन पाला भरायची. टीममध्ये कोण कुरियरवाला, कोण बँकेतला, कोण शाळेतला मास्तर. सगळ्यांना आपण आपलीच पोरं म्हटलं. तिसऱ्या पायरीवर, कडुलिंबाखाली, आपली जागा. तिथे दुसरं कुणी बसलं तर मी नुसतं बघायची, की ते उठायचे.

अबोल्याचा नियम मात्र माझा, कबूल. सुक्या बोंबलांवरून भांडण झालं होतं. मी सांगितलं होतं भाजून ठेवा, तुम्ही शेजाऱ्याच्या मांजरीशी गप्पा मारत बसलात आणि बोंबील मांजरीने नेले. दिवसभर मी एक शब्द बोलले नाही. त्या दिवशी आपली टीम हरता हरता जिंकली. पुढच्या मॅचला गुण्यागोविंदाने बोललो, तर धुलाई झाली. मग मी ठरवून टाकलं. मॅचच्या दिवशी उठल्यापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, आणि कोर्टवर तर दोघांनी तोंडच उघडायचं नाही. तुम्ही म्हणालात, “अगं, मला नाय जमायचं.” मी म्हटलं, टीमसाठी जमवा.

आणि तुम्ही जमवलंत. बॉयलरच्या आवाजात आयुष्य काढलेला माणूस, ज्याला ओरडून बोलायचीच सवय, तो अकरा वर्षं मॅचमध्ये तोंड मिटून बसला. चुळबूळ करायचात, बोटं मोडायचात. मध्येच तोंड उघडलंत, की मी ओठांवर बोट ठेवायची. पुढची मंडळी हसायची. मला वाटायचं, किती शहाणा नवरा मिळाला!

तर असा नवरा आणि असा शर्ट. मी पिशवी उघडलीसुद्धा नाही, नुसती समोर ठेवून बसले. बाहेरूनच दिसत होतं, घडी कशी सुरेख, बाह्या आत दुमडलेल्या. तुम्हाला साधी लुंगीची घडी जमली नाही कधी. मग ही कुणी घातली? कुठल्या बाईने?

माझा स्वभाव संशयी, तुम्ही नेहमी म्हणायचात. पण संशय काय हवेत येतो? रिटायर झाल्यापासून दर गुरुवारी तुम्ही चार वाजायच्या आत निघायचात. विचारलं की म्हणायचात, खोपोलीला पवार अंथरुणाला खिळलाय, त्याला पेपर वाचून दाखवतो. मी त्या पवारांसाठी डब्यातून लाडू दिले. नाचणीचे, पचायला हलके म्हणून. आणि तुमच्या जलदान विधीला हे पवार आले कसे? स्कूटर चालवत! धडधाकट. मी म्हटलं, भाऊ, उठून बसलात का? तर त्यांना काही कळेना. म्हणाले, वहिनी, मला काय झालं होतं?

त्या दिवशी माणसं जमली होती, म्हणून गप्प राहिले. पण तो काटा आत राहिला तो राहिलाच.

मग एकेक आठवायला लागलं. गुरुवारी तुम्ही भांग पाडायचात, एरवी कंगव्याशी वैर. संध्याकाळी परत आलात की खुशीत असायचात आणि घसा बसलेला असायचा. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावायची, हळदीचं दूध द्यायची. तुम्ही म्हणायचात, केमिकलचा वास गं, दुसरं काय. बुधवारी नाही, शुक्रवारी नाही, वास फक्त गुरुवारीच कसा यायचा? पण तेव्हा मी विश्वास ठेवला. संशयी बाईचा हा विश्वास बघा.

वैशूला फोन केला. ती कर्जतहून म्हणाली, “आई, गेलेल्या माणसाची झडती घेतात का कुणी?” मी म्हटलं, जिवंतपणी घ्यायची राहिली, म्हणून आता घेते.

परवाच्या गुरुवारी मी निघाले. पिशवी बगलेत मारली, पुरावा म्हणून. चौक गावापर्यंत टमटम, तिथून एसटी. खोपोलीला उतरून विचारत विचारत त्यांच्या ग्राऊंडवर गेले. शत्रूच्या मुलखात पाय ठेवताना पदर डोक्यावरून ओढून घेतला. पिवळ्या शर्टातली पोरं प्रॅक्टिस करत होती. कडेला बाकडी, आणि बाकड्यांच्या मागे चहाची टपरी. टपरीवर बाई. पन्नाशीची, अंगाने नीटस, केसात अबोली.

मी मनात म्हटलं, सापडली.

चहा मागितला. तिने माझ्याकडे बघितलं, हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि गॅस बारीक केला. म्हणाली, “तुमी शालनताई ना? कॉलनीच्या?”

अहो! माझं नाव हिला कसं ठाऊक? मी काही बोलायच्या आत तिने काय केलं असेल? ओठांवर बोट ठेवलं. अगदी माझ्यासारखं. आणि म्हणाली, “काका असं करून दाखवायचे ना तुमचं.”

बाकड्यावरचे दोन म्हातारे हसले. ते हसले म्हणजे तुम्ही त्यांनाही दाखवलं होतंत! माझी नक्कल, खोपोलीत! मला इतका संताप आला, की चहा तसाच सोडून निघणार होते.

पण हौसाबाईने, तिचं नाव हौसाबाई, मला हाताला धरून बसवलं. म्हणाली, काका गेले हे आमाला उशिरा कळलं, यायला झालं नाय, माफ करा. मग तिने एकेक सांगितलं. तुम्ही दर गुरुवारी यायचात. पहिल्यांदा आलात ते चोरून टेहळणी करायला, यांची टीम कशी खेळते ते आपल्या टीमला सांगायला. वहीसुद्धा आणली होतीत. पण वही राहिली बाजूला आणि तुम्ही बोलायला लागलात. ह्या पोराचा पास चुकला, त्याने पाय वाकवला नाही, अरे मार की, बघतोस काय! प्रॅक्टिस असो की मॅच, तुमचा आवाज समोरच्या रस्त्यापर्यंत जायचा. चहा दोन चमचे साखरेचा. घरी बिनसाखरेचा पिणारे तुम्हीच ना?

मी विचारलं, “पण इथंच कशाला? आमचं कोर्ट काय वाईट हाय?”

तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. “तिथं बोलता येत नाय, म्हणायचे.”

एवढंच म्हणाली. मी कप उचलला. चहा प्यायले.

मग शर्ट पुढे केला आणि शेवटचा संशय विचारून टाकला. घडी कुणी घातली? ती म्हणाली, कुणी म्हणजे, दुकानातूनच तशी आली. आमी सगळ्यांनी मिळून दिला होता, त्यांनी कधी घातलाच नाय. अंगात हिरवा तो हिरवाच, म्हणायचे. मी पिशवी फोडली. लेबल तसंच, आतला पुठ्ठा तसाच, टाचण्या तशाच. एक माझ्या बोटात घुसली.

अहो, बाई असती तर परवडलं असतं. तिच्याशी भांडले असते. आता भांडू कुणाशी? तुमचं मन खोपोलीवर बसलं, तेही अर्धवट. तुम्हाला त्यांची टीम नको होती, मॅच बघताना बोलायला हवं होतं. अकरा वर्षांचं बोलणं तुंबलं होतं, ते दुसऱ्याच्या अंगणात जाऊन मोकळं करत होतात. आणि मी घरी बसून तुमच्या घशाला हळद देत होते.

मला सांगायचं होतंत एकदा. “शालन, हा नियम मोड” म्हणायचं होतंत. मी मोडला असता का? खोटं कशाला बोलू, नसता मोडला. लगेच पुढची मॅच हरलो असतो तर तुम्हालाच धरलं असतं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय ते सांगते. आठ महिन्यांत वैशूलाही सांगितलेलं नाही.

त्या शेवटच्या रविवारी, हाफ टाइमनंतर, तुम्ही माझा पदर ओढलात. मी वळले. तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि तोंड उघडलंत. आपण मागे होतो, पोरं दमली होती. मी ओठांवर बोट ठेवलं. तुम्ही हसलात, मान हलवलीत आणि तोंड मिटलंत. आपण जिंकलो. शिट्टी वाजल्यावर मी ओरडले, जिंकलो हो, जिंकलो! आणि वळून बघते तर तुम्ही कडुलिंबाला टेकलेले.

डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. डॉक्टर विधवेला दुसरं काय सांगणार? मी नाही विश्वास ठेवला. काय सांगत होतात तुम्ही? छातीत दुखतंय, असं? पाणी दे, असं? की पंच आंधळा आहे, एवढंच?

म्हणून तो पिवळा शर्ट सापडला तेव्हा, राग तर आलाच, पण खरं सांगते, आत कुठेतरी मला बरं वाटलं. म्हटलं, हेच सांगत असतील. खोपोलीची भानगड कबूल करत असतील. मग दुखत नसेल. मला तुमच्यावर संशय हवा होता हो. तुमच्यावर संशय घेतला की स्वतःकडे बघावं लागत नव्हतं.

निघताना हौसाबाई म्हणाली, काका म्हणायचे, एकदा तिला इथं घेऊन येणार हाय, तिलापण जरा ओरडू दे. त्या रविवारी तेच विचारत असाल का? की ती माझी समजूत काढत होती? मला दोन्ही वाटतं. सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं. हे मला आता कधीच कळणार नाही, आणि संशयी बाईला याहून मोठी शिक्षा नाही.

तर उद्याचं ऐका. नऊ वाजता मॅच आहे. मी हिरवी साडी नेसून तिसऱ्या पायरीवर बसेन. शेजारी तुमच्या जागेवर हिरवी टोपी ठेवीन आणि टोपीखाली तो पिवळा शर्ट, टाचण्या काढून. कॉलनी बघेल, बघू दे. विचारलं तर सांगेन, आमच्या ह्यांचा आहे. हौसाबाई खोपोलीच्या बसमधून येणार आहे, तिला चौथ्या पायरीवर जागा धरून ठेवते.

आणि पहिल्या शिट्टीपासून मी तुमच्याशी बोलणार आहे. मोठ्याने. हा पास बघितलात का, तो फाऊल होता का, सगळं. लोक म्हणतील म्हातारीचं डोकं फिरलं. टीम हरली तर हरली, वचन देते, तुम्हाला दोष देणार नाही.

हाफ टाइमनंतर मात्र मी गप्प बसेन, हात मांडीवर ठेवून. तेव्हा तुम्ही बोला. त्या दिवशीचं राहिलंय ते.

तुमची,
शालन