कुस्तीला कान लागत नाहीत

मुलुंड (पूर्व)
दि. १ डिसेंबर २०२५

चि. शकु हीस,
रतनदादाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं दिवाळीनंतरचं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावतेस की नाही ते लिहिलेलं नाहीस, म्हणजे लावत नाहीस. माझी तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टरने गोड बंद केलंय, पण डॉक्टर काही माझ्या खोलीत राहायला येत नाही.

पत्राचं खरं कारण तारखेवरून तू ओळखलंच असशील. डिसेंबर लागला, कुस्तीची यादी काढायची वेळ झाली. गेल्या साली यादी माझी होती आणि पाचातली चार नावं तू खोडलीस, ते मी विसरलेलो नाही. यंदा यादी तू करायची आणि मी खोडायची. नेहमीप्रमाणे वर्षातला उत्तम पैलवान, उत्तम बाई, उत्तम खलनायक, उत्तम लढत आणि शेवटी वर्षाचा क्षण. घरात केबल आली तेव्हापासून, म्हणजे तेहतीस वर्षं, आपण हे करतोय, आणि एकाची यादी दुसऱ्याने जशीच्या तशी कधी मान्य केलेली नाही. यंदाही ती आशा ठेवू नकोस.

माझ्या खोलीत दर रविवारी दुपारी जत्रा असते. राजाराम येतो, मिथुन येतो, वरच्या मजल्यावरचा प्रितमही येतो. परवा तिघांचं भांडण झालं. प्रितमचं म्हणणं, ही विलायती कुस्ती सगळी आधी ठरवलेली असते. मी म्हटलं असेना का, दोरावरून खाली पाठीवर पडायचं ते काही खोटं पडता येत नाही. त्यांचा चहा करून करून माझे हात दुखतात. तुझी वहिनी असती तर तिने सगळ्यांना जिन्यावरून खाली धाडलं असतं. येत्या मार्चमध्ये तिला जाऊन तीन वर्षं होतील.

तू तिकडे बोरिवलीत, मी इकडे, मधे नॅशनल पार्कचा एक डोंगर. बिबटे म्हणे सहज इकडून तिकडे जातात. आपल्याला आधी गुडघ्यांना विचारावं लागतं.

केतनला आणि सूनबाईला जय भीम सांग. यादी वेळेत पाठव. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर सांभाळायला जागा नाही.

तुझा,
रतनदादा


बोरिवली (पूर्व)
दि. १२ डिसेंबर २०२५

ती. दादास,
शकुचा सविनय जय भीम. वि. वि.

तेल लावते. रोज नाही, पण लावते.

केतनने मला नवा मोबाइल दिलाय आणि म्हणतो मामाला पत्र कशाला, यावर लिहीत जा. मी लिहायला गेले की बोट एका अक्षरावर आणि उमटतं भलतंच. बोलायचं म्हटलं तर कानांचं तुला माहीतच आहे. मशीन लावलं की शिट्टी वाजते आणि काढलं की जग बंद. म्हणून तू आपला पोस्टमनच्या हातून बोलत जा.

इथे सगळं छान आहे. हॉलमध्ये भिंतभर टीव्ही आलाय. रविवारी दुपारी मी सोफ्याच्या मधोमध बसते, नात अबोली शेजारी असते. सून प्रियंका स्वयंपाकघरातून विचारते, आज कोण जिंकलं. मालिका मला आता बघवत नाहीत, बायकांचे नुसते ओठ हलताना दिसतात. कुस्तीला कान लागत नाहीत. पडला तो पडला, कोणी समजावून सांगावं लागत नाही.

आता यादी. उत्तम पैलवान आपला तात्या. तुझ्या मरोळच्या कारखान्यातल्या फोरमनसारखा कोपरं बाहेर काढून चालतो म्हणून तूच त्याचं हे नाव ठेवलंस. त्याचं इंग्रजी नाव मला अजून येत नाही. वय झालंय, पाय ओढतो, पण रिंगमध्ये शिरला की बाकीची पोरं लहान दिसतात. उत्तम बाई कोळीण. वर्सोव्याच्या बाजारातल्यासारखे कमरेवर हात ठेवून ती समोरचीकडे बघते ना, तिथेच अर्धी कुस्ती संपते. खलनायक नवरदेव, पांढरा सूट आणि स्वतःवर स्वतःच फुलं उधळायची ती घाण सवय, म्हणून. उत्तम लढत तात्या आणि नवरदेवाची, ऑक्टोबरातली. नवरदेवाने मागून खुर्ची घातली, तात्या गुडघ्यावर बसला, सगळ्यांना वाटलं संपला, आणि उठून त्याने नवरदेवाला डोक्यावरून असा आपटला की रिंग हलली.

वर्षाचा क्षण त्याच्या नंतरचा. जिंकल्यावर तात्या नाचला नाही. खाली पडलेल्या नवरदेवाला त्याने हात दिला, उभं केलं आणि त्याच्या सुटावरची धूळ झटकली. मला रडू आलं, अबोली हसली.

आता खोड काय खोडायचं ते. राजारामभाऊंना आणि बाकीच्यांना जय भीम. त्यांना चहा कमी साखरेचा दे, म्हणजे तूही तसाच पिशील. माया कमी करू नकोस.

तुझी,
शकु


मुलुंड (पूर्व)
दि. २० डिसेंबर २०२५

चि. शकु हीस,
स. जय भीम. वि. वि.

यादी मिळाली, दोनदा वाचली. यंदा खोडण्यासारखं काही सापडलं नाही बघ. तात्या, कोळीण, नवरदेव, सगळं मंजूर. ऑक्टोबरातली ती लढत तर काय सांगू, तात्याने त्याला उचलला तेव्हा राजाराम खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि मिथुनचा चहा सांडला. सुटावरची धूळ झटकली ते मीही बघितलं. तात्या अजून पाच वर्षं तरी हटत नाही, लिहून ठेव.

तू तिथे सुखात आहेस हे वाचून बरं वाटलं. भाऊजी गेले त्या वर्षी मी आणि तुझ्या वहिनीने तुला इकडेच राहायला ये म्हटलं होतं. मुलगा असताना भावाच्या घरी कशाला राहू, असं तू म्हणालीस. मला तेव्हा राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. पण तुझंच बरोबर निघालं. नातीच्या शेजारी सोफ्यावर बसून कुस्ती बघायची, अजून काय पाहिजे माणसाला.

थंडी पडलीय. हल्ली रविवार फार लांबतो. बाकी काही विशेष नाही.

नव्या वर्षातही असाच जीव लाव.

तुझा,
रतनदादा


बोरिवली (पूर्व)
दि. २ जानेवारी २०२६

ती. दादास,
शकुचा जय भीम. वि. वि.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा शेवटी देईन, आधी भांडण.

सोमवारी प्रियंका मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. तिथे भिंतीवरच्या टीव्हीवर कुस्तीच चालू होती, सरत्या वर्षातले उत्तम क्षण दाखवत होते. मी खूश होऊन बघत बसले. तेवढ्यात तात्या आला. मार्च महिना लिहिलेला होता. रिंगच्या मधोमध बसून त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून शेजारी शेजारी ठेवले आणि मोज्यांवर चालत निघून गेला. हजारो माणसं उभी होती आणि रडत होती. तो निवृत्त झाला, दादा. मार्चमध्येच. ऑक्टोबरात तो कुठून कोणाला आपटणार होता?

मला इतकी लाज वाटली की डॉक्टरने काय तपासलं तेही कळलं नाही. ती लढत मी मनाने रचली होती. वाटलं, आता दादा माझी यादी उभी आडवी फाडणार. घरी आले तर तुझं पत्र येऊन पडलं होतं. सगळं मंजूर. वर राजारामभाऊ उठून उभे राहिले.

तू यादी अशी मुकाट्याने कधी मान्य केलीस? एका साली मी कोळणीचं नाव घातलं तर तू चार पानं भरून भांडला होतास. तू वर्षभर कुस्ती बघितलेलीच नाहीस. माझ्यासारखीच तुझीही थाप आहे.

माझं खरं सांगते. भिंतभर टीव्ही आला तेव्हा, फेब्रुवारीत, माझा छोटा टीव्ही देऊन टाकला. मोठ्यावर काय लावायचं ते हॉलमधली माणसं ठरवतात. मी आतल्या खोलीत असते. केतन वाईट नाही, प्रियंकाही नाही, हे मुद्दाम लिहिते. सकाळी आठला तिघं जातात, अंधार पडल्यावर येतात, दमलेली असतात. मला ऐकू जावं म्हणून ओरडावं लागतं, आणि ओरडायचं कोणाला जिवावर येणार नाही? मग खुणा करतात. जेवलीस का, हात तोंडाकडे. गोळी घेतलीस का, बोटांची चिमूट. एक अख्खं वाक्य मला कोणी कधी बोललं ते आठवत नाही. अख्खी वाक्यं फक्त तुझ्या पत्रात येतात. यादी नाही गेली तर पत्र येणार नाही या भीतीने मी ती रचली.

रिंगमध्ये एखाद्याला खरोखर लागलं तर पंच दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून फुली करतो ना, म्हणजे आता खेळ थांबवा, याचं दुखणं नाटकातलं नाही. तशी फुली मी आज करते आहे. मला लागलंय. तू तुझं सांग. राजारामभाऊ खरंच येतात का? खोटं लिहिलंस तर यापुढे पत्र लिहिणार नाही.

नवं वर्ष सुखाचं जावो. रागावले असले तरी प्रेम आहे तिथेच आहे.

तुझी,
शकु


मुलुंड (पूर्व)
शनिवार, दि. १० जानेवारी २०२६

चि. शकु हीस,
रतनदादाचा जय भीम. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी आलं.

राजाराम दोन वर्षांपूर्वी गावी गेला, कायमचा. मिथुनने खोली सोडली, तो आता बदलापूरला असतो म्हणतात. प्रितम नावाचं कोणी वरच्या मजल्यावर राहतच नाही. पत्र लिहिताना दोन माणसं कमी वाटली म्हणून तिसरा घातला.

टीव्ही आहे, त्याच्यावर चादर आहे. तुझी वहिनी गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी लावला होता. तात्या दोरावर चढला आणि मी तिला हाक मारली, लवकर ये, उडी मारतोय म्हणून. हाक मारून झाल्यावर लक्षात आलं. त्यानंतर चादर काढलेली नाही. गेल्या सालची माझी यादी जुन्या आठवणींवर रचलेली होती. तू चार नावं खोडलीस ती बरोबर खोडलीस, पाचवं कसं सुटलं कोण जाणे. यंदा तुझी यादी हातात घेतली आणि खोडायला पेन उचललं, पण वाटलं, शकु सोफ्यावर मधोमध बसली आहे, नात शेजारी आहे, त्या चित्रावर मी काट कशाला मारू. म्हणून सगळं मंजूर केलं. मी त्यातच पकडला जाईन हे डोक्यातच आलं नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो. मलाही लागलंय. दिवसभरात मी बोलतो तो दूधवाल्याशी, तेही एक पिशवी, एवढंच. परवा बँकेत बाईने नाव विचारलं तर आवाज फुटेना, घसा खाकरावा लागला. संध्याकाळी पाच वाजले की बागेत जाऊन बसतो आणि लोकांची भांडणं ऐकतो. घरी परत यायला जिवावर येतं.

तू तेव्हा नाही म्हणालीस, त्यावर मी सहा वर्षं रुसून बसलो. पुन्हा विचारलं नाही. वहिनी शेवटच्या आजारात म्हणाली होती की शकुला एकदा परत विचारा. मी म्हटलं तिला गरज असेल तर ती विचारेल. ही माझी चूक, ती तुझ्यापुढे कबूल करतो.

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. उद्या रविवार, केतन घरी असेल, तुला बेल ऐकू आली नाही तरी दार तो उघडेल. सकाळी चेकनाक्यावरून बस पकडून मी येतो. तोंडाने बोलायला गेलो तर तुला ऐकू येणार नाही, आणि ही गोष्ट मला खुणांनी सांगायची नाही. म्हणून सगळी अख्खी वाक्यं लिहून स्वतः घेऊन आलो आहे.

म्हणजे आत्ता तू हे वाचते आहेस आणि मी समोर बसलो आहे. शकु, माझ्याकडे राहायला ये. आठ दिवस म्हण, महिना म्हण, कायमची म्हण. केतनशी मी बोलतो, त्याला ऐकू येतं. तू नाही म्हणालीस तरी या वेळी रुसणार नाही, जेवूनच जाईन. घाई करू नकोस, पाहिजे तर परत पहिल्यापासून वाच. मी कुठे जात नाही. वाचून झालं की मान वर कर.

लोभ कळव असं आज लिहीत नाही, तो तुझ्या तोंडावर दिसेलच.

तुझा,
दादा