मागचा आवाज

प्रिय भिंगरी,

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळं ठणठणीत आहे. पत्र आलं म्हणजे कुणाचं तरी काहीतरी झालं, अशी तुझ्या आईची पक्की समजूत. म्हणून हे दुकानात बसून लिहितोय. पेन तीनदा झटकावं लागलं. पाकीट मिळवायला चार दुकानं फिरलो. एक म्हणाला, "काका, मेसेज टाका की." दुसरा म्हणाला, "कागदावर लिहा आणि फोटो काढून पाठवा." म्हटलं, बाबा रे, सायकल घेऊन ती डोक्यावर वाहायची का?

परवा मास्तर आले होते, तुला गणित शिकवायचे ते. त्यांचा जुना तीन बँडचा रेडिओ सेट टॉवेलात गुंडाळून, तान्हं बाळ दवाखान्यात आणावं तसा. "शॉर्टवेव्हवर काही लागतच नाही हो. काटा फिरवून बोट दुखलं." मी खोलून पाहिला. सेटला काहीही झालेलं नव्हतं. बॅटरीच्या पट्ट्या घासल्या, डायल पुसली आणि म्हटलं, "मास्तर, ह्याची तब्येत तुमच्यापेक्षा बरी आहे. पलीकडचेच बोलायचे थांबलेत." खरंच आहे ते. बरीच स्टेशनं बंद झाली, आणि जी उरली आहेत ती घराघरातल्या चार्जरच्या आणि दिव्यांच्या गुणगुणीत बुडून जातात. मास्तर म्हणाले, "म्हणजे आमच्या घरासारखंच. सेट चांगला, पण बोलणारं कुणी नाही." दोघंही हसलो. मग ते तासभर बसले आणि आम्ही नुसती खरखर ऐकली. ती मात्र अजून पहिल्यासारखीच आहे.

हल्ली बोलतात ती यंत्रं. लिफ्ट मजला सांगते. कपडे धुऊन झाले की मशीन गाणं म्हणतं आणि तुझी आई त्याला "आले, आले" म्हणून उत्तर देते. बँकेत फोन लावला की एक बाई इतक्या मायेने थांबायला सांगते की वीस मिनिटं ताटकळूनही तिच्यावर चिडता येत नाही. पण त्या बाईच्या मागे काही नसतं बघ. खुर्ची नाही, पंखा नाही, शेजारच्या टेबलावरची कुजबुज नाही. इतका स्वच्छ आवाज ऐकला की मला आपली शंका येते. माणूस म्हटला की त्याच्या मागे खोली हवी.

हे तुला मी सांगायला नको. पहाटे साडेपाचला तू शाळेच्या कपड्यांत, वेणी अर्धी घातलेली, येऊन टेबलाखाली बसायचीस. दुकान तेव्हा जिन्याखाली होतं. सरळ उभं राहिलं की माझं डोकं पायरीला लागायचं. परदेशातली ती बातम्या सांगणारी बाई आठवते? भाषा आपल्याला ओ की ठो कळत नव्हती, आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. पण तू सांगायचीस, "बाबा, आज ती मोठ्या खोलीत बसलीय." "आज खिडकी उघडी आहे." "आज कुणीतरी तिच्याजवळ येऊन कागद ठेवून गेलं." मी एवढी वर्षं काटा फिरवत होतो, पण ऐकायला मला तू शिकवलंस. लोकांना मात्र मी उलटंच सांगतो, हे कबूल करतो. एकदा तिला सर्दी झाली तेव्हा तू तीन दिवस नीट जेवली नाहीस. मग आपण मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्टेशनला पत्र लिहिलं. आवाज किती स्पष्ट, अडथळा किती, ह्याचे पाचपैकी गुण द्यायचे असत. तू खाली स्वतःच्या हाताने लिहिलंस, औषध घ्या. दोन महिन्यांनी मनोऱ्याचं चित्र असलेलं कार्ड आलं, मागे एक ओळ: आता बरी आहे. त्यानंतर तू घरातल्या सगळ्यांना गुण द्यायला लागलीस. आईचं रागावणं, स्पष्टता पाचपैकी पाच, अडथळा शून्य. बाबांचं समजावणं, स्पष्टता दोन.

तर, सर्दीवरून आठवलं. गेल्या पाच रविवारांचं मला तुझ्याशी बोलायचंय.

तुझा रविवारचा दहाचा फोन म्हणजे मला नुसता तुझा फोन नसायचा. तू बोलायचीस आणि मागे तुझं घर बोलायचं. तुमच्या भिंतीवरचं ते मोठं घड्याळ. दर काही मिनिटांनी कुंथणारा फ्रिज. जावईबापूंच्या सपातांचा आवाज, आणि चहा करताना दातांतून घातलेली ती शीळ, सुरात नसलेली पण मनापासूनची. मी इथे बसून ते सगळं ऐकायचो आणि तुझ्या आईला सांगायचो, चहा झाला, आता पेपर उघडला. ती म्हणायची, "तुम्ही पोरीशी बोलता की तिच्या भिंतींशी?"

मग एका रविवारी मागचं सगळंच गेलं. तू म्हणालीस, "नवे इअरफोन घेतलेत, बाबा. मागचा आवाज कापतात. आता किती स्वच्छ ऐकू येतंय ना?" मी म्हटलं, हो, फारच स्वच्छ. आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ फोनकडे बघत राहिलो. माझ्या मुलीने मागचा आवाज कापणारं यंत्र विकत घेतलं! एखाद्या सुताराच्या मुलीने सांगावं, बाबा, लाकडाचा वास येऊ नये म्हणून मी नाक बांधून घेतलंय, तसं वाटलं. तीन रविवार तू त्या बँकेतल्या बाईसारखी बोललीस. "सगळं मजेत. हे बाहेर गेलेत. हे आंघोळीला गेलेत. हे आत्ताच खाली उतरले." जावईबापू एवढे स्वच्छ कधीपासून झाले, हेही मनात आलं.

चौथ्या रविवारी बोलता बोलता तुझ्या इअरफोनचं चार्जिंग संपलं. तुला वाटलं असेल, दोन शब्द तुटले एवढंच. पण दोन शब्दांच्या पाठोपाठ खोली आली. तुझा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. पडदे नाहीत, कपाट नाही, गादीही नसावी, निदान खाटेवर तरी नाही. घड्याळ नव्हतं. फ्रिज नव्हता. कुठेतरी नळ गळत होता, तुमच्या घरातला नळ कधी गळला नाही. आणि तू म्हणत होतीस, "इथेच आहे बाबा, हॉलमध्ये, सोफ्यावर." भिंगरी, सोफा असलेली खोली अशी वाजत नाही. मी "बरं, बरं" म्हटलं. पाचव्या रविवारीही "बरं, बरं" म्हटलं.

तू मला का सांगितलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. ते तुझ्या तोंडून वदवून घ्यायचं नाही, म्हणून मीच लिहितो.

दोन वर्षांपूर्वी तू आठ दिवसांसाठी आली होतीस. पाचव्या दिवशी दुपारी दुकानात येऊन टेबलाशी बसलीस, स्क्रू आकाराप्रमाणे लावत राहिलीस आणि विचारलंस, "बाबा, एखादा सेट दुरुस्तच होणार नाही, हे तुम्हाला कधी कळतं?" मला कळलं होतं तू काय विचारतेयस. अगदी स्पष्ट कळलं होतं. आणि तरी मी छाती काढून म्हणालो, "माझ्या टेबलावरून मेलेला सेट परत गेलेला नाही. धीर धरावा लागतो." तू मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस. आठ दिवसांचे सहाच झाले, आणि तुझी आई मला म्हणाली, "ऑफिसचं काम निघालं म्हणे." मी त्यालाही "बरं" म्हटलं.

ते खोटं होतं, पोरी. माळ्यावर अकरा सेट पडलेत, जे मला जमले नाहीत. मालकांना सांगितलं, पार्ट मिळत नाही. तू कधी माळ्यावर चढली नाहीस, मी चढू दिलं नाही. त्यात एक आपल्या शेजारच्या दुकानातल्या घड्याळजींचा होता. सात महिने माझ्याकडे राहिला. दर महिन्याला ते यायचे, मी म्हणायचो, होईल, होईल, धीर धरा. शेवटी एक दिवस टेबलावर हात ठेवून म्हणाले, "नाही झाला तर नाही झाला म्हणा की. तुमच्या नावासाठी मी सात महिने मुकाट घरात बसलोय." मी तेव्हाही पार्टच मिळत नसल्याचं सांगितलं. माझं नाव राहिलं. तू त्या नावाला भुलून दोन वर्षं धीर धरलास. जावईबापू वाईट माणूस नव्हेत, तूही नाहीस, एवढं माझ्या कानांनी ऐकलंय. काही जोड्या चांगल्या सुट्या भागांच्या असूनही बसत नाहीत. हे त्या दुपारी सांगायला हवं होतं.

तुझ्या आईला मी काही बोललेलो नाही. तिनेही मला काही सांगितलेलं नाही. पण दोन आठवड्यांपूर्वी तिने तुझ्या खोलीतलं शिवणयंत्र एकटीने ओढत बाहेर काढलं, गाद्या उन्हात घातल्या आणि मी बघतोय म्हटल्यावर म्हणाली, "ढेकूण झाले असतील." आपल्या घरात आजवर ढेकूण झालेला नाही. म्हणजे आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत, एकाच टेबलावर जेवतोय.

ये असं मी म्हणत नाही. तुझी नोकरी आहे, माणसं आहेत, आणि रिकामी खोलीसुद्धा स्वतःची असली की माणूस तिला हळूहळू बोलायला शिकवतो. यावंसं वाटलं तर ये. मी यावं असं वाटलं तर एक ओळ लिही. नळ दुरुस्त करायला येतो, तो नक्की होतो, हे खरं सांगतोय. आणि हे फोनवर का नाही विचारलं, असं वाटेल तुला. गेल्या रविवारी विचारायचंच ठरवून फोन उचलला होता. पण मी "कशी आहेस" म्हणतो आणि तू "मजेत" म्हणतेस, त्यांच्या मधे एक श्वास असतो. तो हल्ली फार लांब झालाय. तुझे ते इअरफोन बाकी सगळं कापतात, तो श्वास त्यांना कापता येत नाही. तो मला पुन्हा ऐकवत नाही गं. पत्रात तो ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. इथे तू हवा तेवढा वेळ घे.

तुझाच, आणि ह्या वेळी मुकाट्याने वाट बघणारा,
बाबा