कॅप्टन, जोत्या आणि मिशी

३ फेब्रुवारी २००२, रविवार

गुंडू केबलवाला सकाळी दारातूनच ओरडला — "शिवाण्णा, तुमची ती अंतराळयानाची मालिका परत लागलीया! पुढच्या रविवारी अकराला तोच भाग हाय. डॉक्टर मागं राहतोय, त्यो!"

चहा सांडला. सुष्मिता म्हणाली, "अहो, एवढं काय झालं?"

काही नाही म्हटलं. बायकोला लग्नापासून कधी सांगितलं नाही, आता काय सांगू!

४ फेब्रुवारी

वहीला सांगायला हरकत नाही. वही गल्लीत बोलत नाही.

साल ८६. रविवार सकाळ, ती परदेशी मालिका, आख्खी गल्ली टीव्हीपुढे. त्या भागात डॉक्टर एका पाण्याच्या ग्रहावर अडकतो. ग्रह फुटणार. कॅप्टनकडे अकरा मिनिटं — मित्राला आणायला मागे फिरायचं, की यान वाचवायचं? आणि नेमकी लाईट गेली! साऱ्या गल्लीची. संध्याकाळी आली.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर एकच विषय, शेवट काय झाला? माझी जीभ वळवळली. म्हटलं, मी शाहूपुरीत मामाकडे बघितला. कॅप्टन मागे फिरला, डॉक्टरला घेऊन आला. सगळे खूश. मी हिरो!

तेवढ्यात जोतीराम आला. माझा जिवाचा मित्र, शाळेत एका बाकावरचा. रविवारी बहिणीकडे कोडोलीला गेला होता. म्हणाला, "काय बी सांगतोस? गेलं की यान. डॉक्टर मेला. मी कोडोलीत बघितलाय."

झालं! मी शाहूपुरीला गेलोच नव्हतो. घरात अंधारात बसलो होतो. पण पंधरा पोरांसमोर माघार कोण घेणार? मी त्याला खोटारडा म्हणालो. तोही म्हणाला. शेवटी पैज लागली — ज्याचं खोटं निघेल त्याने मिशी काढायची. सतराव्या वर्षीची मिशी, ती असून असून किती असणार! तरी पैज.

तो भाग पुन्हा लागलाच नाही. आम्ही पुन्हा बोललोच नाही. पोरं दोन्हीकडे वाटली गेली, मंडळ फुटलं. एका गल्लीत आजही दोन मांडव, दोन गणपती! जोत्या गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर म्हशी आणतो, समोर धार काढून देतो. साऱ्या पेठेत तसलं दूध नाही. आणि आमच्याकडे सोळा वर्षं पिशवीचं.

त्याच्या लग्नाला गेलो नाही. त्याचे वडील वारले तेव्हा कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. ते अजून टोचतं.

६ फेब्रुवारी

गुंड्याने गल्लीभर केलं. माझ्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक कुकर बघतंय आणि विचारतंय, "अण्णा, मिशी ठेवणार का काढणार?"

९ फेब्रुवारी, शनिवार

आरशात बघितलं. मिशी चांगली आहे हो! झुपकेदार. वडिलांसारखी.

पण खरी भीती मिशीची नाही. उद्या यान निघून गेलं, तर मी एका खऱ्या माणसाला चारचौघांत खोटारडा म्हणालो असं होईल. आणि मागे फिरलं तरी खोटारडा मीच. हे फक्त मला ठाऊक. दोन्हीकडून मेलो!

१० फेब्रुवारी, रविवार

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या बयाबाई घरून स्वतःचा पाट घेऊन सगळ्यांच्या पुढे बसल्या. "त्यो कानटोपीवाला कॅप्टन व्हय?" — दर दोन मिनिटांनी. यान म्हणजे सरळ सरळ पत्र्याचा डबा, लहानपणी केवढं वाटायचं! आमची शांभवी हसून लोळत होती. आठ वर्षांच्या पोरीला काय कळणार.

मला मात्र घाम. लाईट जाईल म्हणून देवाला हात जोडले. गेली नाही.

कॅप्टन मागे फिरला! डॉक्टरला हाताला धरून आत ओढलं, दार बंद, आणि ग्रह फुटला. तोंडाला आलं ते ठोकून दिलं होतं आणि तेच खरं निघालं! पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी चक्क गुलाल आणला. मला खांद्यावर घेऊन जोत्याच्या दारावरून मिरवणूक. दार बंद होतं.

डोक्यात गुलाल. जेवण गेलं नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी दुकानाच्या पायरीशी जोत्या उभा. ओठ साफ! पहिल्यांदा ओळखलाच नाही. केवढा वेगळा दिसतो, शाळेतल्यासारखा.

"शब्द म्हंजे शब्द," एवढंच म्हणाला. आणि वळला. मी ताटांची चवड धरून उभा.

सुष्मिता आतून बघत होती. "तो पैज हरून आला, आणि तुम्ही जिंकून गप्प? तोंडाला कुलूप लावलंय काय?" मग तिला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. हसणं थांबल्यावर म्हणाली, "हे मला नको, त्यांना सांगा."

१२ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी मिशी काढली. शांभवीने बघितलं आणि रडायलाच लागली. ओठावर वारं लागतंय.

संध्याकाळी गंगावेशीला जाणार. सगळ्यांसमोर सांगणार. खोटारडा म्हणालो तेव्हाही सगळे होतेच की!

१३ फेब्रुवारी

सांगितलं. कट्ट्यावर वीसेक माणसं, हातात दुधाचे पेले. "जोत्या, मी तो शेवट बघितलाच नव्हता. लाईट गेलती. खोटारडा मी."

जोत्या म्हशीखालून उठेचना. मला वाटलं, आता बादली डोक्यात घालतो. मग खांदे हलायला लागले. हसत होता लेकाचा!

"शिवा, मी तरी कुठं बघितलाय? त्या दिशी बहिणीची म्हस विताना अडली हुती. दिसभर गोठ्यात हुतो!"

"मग यान गेलं म्हणून का सांगितलंस?"

"तू मागं फिरलं म्हणालास म्हणून!"