एकही हाड मोडलेलं नाही

२८ ऑक्टोबर
बसस्टँडसमोर बोर्ड लागला. २६ जानेवारीला ज्येष्ठांची सायकल रेस, घनसावंगी ते शहागड, वय साठच्या पुढे. नावं लिहायला गेलो तर पहिलंच नाव राजानंदचं. रिटायर्ड मास्तर. रोज सकाळी दोन्ही हातांत पाण्याचे डबे धरून अंगणात उठाबशा काढतो. सायकलच्या रेसला उठाबशा. किळस येते अशा दिखाव्याची. मी माझं नाव त्याच्या वर लिहिलं. जागा नव्हती, तिरपं लिहिलं.
उभा जन्म एस.टी.त कंट्रोलर म्हणून गेला, शिस्त अंगात आहे. संकल्प: पहाटे उठणे, रोज सायकल, तंबाखू बंद, पहिला नंबर. अडुसष्ट वर्षांत माझं एकही हाड मोडलेलं नाही, याची या तालुक्यात कोणी दखल घेतलेली नाही.

३० ऑक्टोबर, सकाळी
उठायला उशीर झाला. सायकल ओट्यावरून खाली घेताना पाठीत टक् झालं. गॅस. ओवा खाल्ला. दैवशाला म्हणाली, दवाखान्यात दाखून या. लग्नापासून या बाईकडे प्रत्येक गोष्टीवर हाच एक उपाय आहे. गॅससाठी दवाखान्यात जाणारी माणसं मला बघवत नाहीत.

दुपारी
गॅस पाठीतच बसलाय. आडवा पडून विचार केला. सराव उद्यापासून.

९ नोव्हेंबर
तीर्थपुरीपर्यंत जाऊन आलो. म्हणजे अलीकडच्या फाट्यापर्यंत, पण तिथून पुढे रस्ता सरळच आहे. येताना राजानंद भेटला. सायकल हातात धरून चढ चढत होता. म्हणे, मधीमधी पायी चालावं साहेब, हाडाला चांगलं असतंय. मास्तरकी गेली, शिकवायची खोड गेली नाही.
मिथुन टेलरनं रेसचा शर्ट दिला. जुन्या मापाचा शिवायला सांगितला होता, हा मांडीपर्यंत आला. पँट बेंबीच्या वर. जाब विचारला तर म्हणतो, माप बराबर हाय काका, तुमीच बघा टेप लावून. टेप लावायला मी काय टेलर आहे? कामाची लाज कोणाला उरली नाही.

१५ नोव्हेंबर
मारुतीच्या सभामंडपात हाडांचं मोफत शिबिर. दैवशालाला जायचं होतं, सोबत म्हणून गेलो. मशीनमध्ये टाच ठेवायची, कागद बाहेर येतो. तिचा कागद चांगला आला. माझ्या कागदावर लिहून आलं की हाडं फार ठिसूळ आहेत, पुढची तपासणी करा.
मशीनवाल्या पोरीला समजावलं की मी खेळाडू आहे. ती म्हणाली, काका, सायकल काळजाला चांगली हाय, हाडाला न्हाई. सायकलवर तुमचं वजन सायकल उचलती. हाडावर भार पडला तरच हाड बनतंय. काकू जल्मभर डोक्यावर गाठुडे वाहून राह्यल्या, त्यांचे हाडं बघा.
सायकलीनं वजन उचलायचं नाही तर काय मी सायकलीचं उचलायचं? असल्या मशिनी गावोगाव फिरवतात आणि चांगल्या माणसाला बाद करतात. शिवाय माझ्या टाचेला घाम होता. दैवशाला घरी येईपर्यंत काही बोलली नाही. तिचं न बोलणंही मला आजकाल ऐकवत नाही.

१८ नोव्हेंबर
शास्त्रीय विचार केला. हाडाला लागतं कॅल्शियम. चुना म्हणजे कॅल्शियम. म्हणजे मी तंबाखू खात नव्हतो, पन्नास वर्षं औषध घेत होतो आणि ते ऐन रेसच्या तोंडावर मूर्खासारखं बंद केलं. म्हणून हा कागद. आजपासून नुसता चुना.

१९ नोव्हेंबर
नुसत्या चुन्यानं जीभ भाजली. सोबत तंबाखू लागतेच. नाइलाज आहे.

४ डिसेंबर
घरात काय चाललंय कळत नाही. दाढीचा डबा वरच्या फळीवर असतो, तिथवर हात पुरेना. दैवशालाला विचारलं, फळी कोणी वर ठोकली? म्हणाली, कोणी ठोकन? तिथंच तर हाय. मग पाटावर चढलो. तिनं नवीन चपलाही घेतलेल्या दिसतात, जाड तळाच्या. शेजारी उभी राहिली की उंच वाटते. विचारलं तर पाय पुढे करून दाखवले, अनवाणी होती. या वयात नवऱ्याची थट्टा.
जेवण निम्मं केलं तरी पोट पुढे येतंय. गॅसच. स्वतःच्या शरीराचाही वीट आला.

१४ डिसेंबर
सराव करणार होतो. उसाच्या ट्रॉलीमागची धूळ नाकात गेली, शिंक आली. शिंकेबरोबर पाठीत पुन्हा टक्. इतका कळवळलो की फाट्यावर बांधाला टेकून बसलो. राजानंदच नेमका मागून आला. माझी सायकल एका हातात, त्याची दुसऱ्या हातात, असा घरापर्यंत चालला. वाटेत काही शिकवलं नाही. तेच जास्त लागलं.
दैवशाला म्हणाली, आता बस झालं, जालन्याला जायचं. मी म्हणालो, रेस झाल्यावर. ती म्हणाली, मंग मी एकटीच जाते अन् सांगते की नवरा येऊन न्हाई राह्यला. सही करून विषय संपवावा तसं बोलते.

२ जानेवारी
जालना. डॉक्टर प्रीती, नातीच्या वयाची. एक्स-रे काढला. विचारलं, कधी पडलात का? मी अभिमानानं सांगितलं, आयुष्यात नाही. ती म्हणाली, तुमच्या पाठीचे तीन मणके मोडलेले आहेत. दबून बसलेत. दोन आत्ताचे, एक जुना. त्यामुळेच उंची अडीच इंच कमी झाली आणि पोट पुढे आलं.
मी म्हणालो, तो गॅस आहे. तिनं फोटो उजेडासमोर धरला. गॅस नव्हता.
सायकल बंद. वाकून उचलायचं नाही, धक्का बसू द्यायचा नाही. पडलात तर खुबा जाईल, मग उठणं अवघड. इंजेक्शन, गोळ्या, पट्टा. दुखणं कमी झालं की चालायचं, थोडं थोडं वजन उचलायला शिकवतील. राजानंदचे डबे आठवले आणि तोंड कडू झालं. चुन्याबद्दल विचारलं. तिनं तंबाखू बंद असं कागदावर लिहून खाली दोन रेघा मारल्या.
बसमध्ये दैवशाला रडली. मी तिला सांगितलं, रेस चोवीस दिवसांवर आहे, मणके भरून येतील.

१९ जानेवारी
दैवशालानं सायकल तिच्या भावाकडे आष्टीला पाठवली. मला न विचारता. दोन दिवस बोललो नाही. दुसऱ्याची सायकल मागायला गेलो, तर तिनं साऱ्या गावाला आधीच सांगून ठेवलंय. शिसारी आली या गावाची.

२२ जानेवारी
रेसच्या कमिटीनं माझी कदर केली. रेसच्या मागून चालणारा टेम्पो माझ्या ताब्यात. थकला, पडला माणूस उचलून आणायचा. इन्चार्ज मी. राजानंद पडला की त्याला मीच आत घेणार. त्याच्यासाठी गादी घालून ठेवायला सांगितली. दैवशाला म्हणते, मी बी येते.

२६ जानेवारी, रात्री
झेंडावंदन झालं, रेस सुटली. पहिल्याच खड्ड्यात मी ओरडलो असं ड्रायव्हर आदिनाथ म्हणतो. मी सूचना दिली होती. दैवशालानं त्याला सांगितलं, भाऊ हळू घे, यांचे मणके मोडेल हायेत. पोराटोरांसमोर. मग त्यानं इतकं हळू घेतलं की उसाचे ट्रॅक्टर आम्हाला ओव्हरटेक करून गेले. तीर्थपुरीच्या आधीच सायकली दिसेनाशा झाल्या.
एकही म्हातारा पडला नाही. इतकी जीर्ण माणसं, एकाला तरी काही व्हायला हरकत नव्हती. अर्ध्या वाटेत मीच गादीवर आडवा झालो.
शहागडला पोचलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती, मांडववाले खुर्च्या रचत होते. राजानंद तिसरा आला होता आणि आमची वाट बघत थांबला होता. मला टेम्पोतून उतरता येईना. चौघांनी धरलं. तो म्हणाला, कंट्रोलर साहेब, माझ्या मानेला धरा, बिलकुल सोडू नका. धरलं. मला माझीच इतकी घाण कधी वाटली नव्हती, आणि मान सोडायची हिंमतही झाली नाही. दैवशाला माझ्या चपला हातात घेऊन मागे चालत होती.
आत्ता कमिटीनं ग्रुपवर टाकलंय. ज्येष्ठांची रेस उत्साहात पार पडली. सहभागी एकतीस. जखमी एक. खाली माझा फोटो.