ओढ्याकाठची पट्टी आणि बावन्न रुमाल

मी, खाली सही करणारी, कैलासवासी रंगाऱ्यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, देवाला स्मरून लिहिते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि हा कागद लिहायला कोणी माझा हात धरलेला नाही. अलीकडे दुपारी डोळा लागला की ओढा मागच्या दाराने घरात येतो, कधी निळा, कधी शेंदरी, आणि पायांना न भिजवता पुढच्या दाराने निघून जातो. वकील म्हणाले, "काकू, हे मृत्युपत्रात कशाला?" म्हटलं, राहू द्या. सगळं त्याच्यासाठीच तर लिहितेय.

१. राहतं घर आणि रंगाईचा कारखाना चिरंजीवाला. जिन्याची तिसरी पायरी हलते, ती आधी दुरुस्त करावी.

२. बांगड्या आणि शिवणयंत्र लेकीला. यंत्राला तेल घालावं, नुसतं कौतुक करू नये.

३. जाऊबाईंनी दोन दिवसांसाठी नेलेलं मोठं पातेलं त्यांच्याकडेच राहावं. एकतीस वर्षं मागून माझंच तोंड दुखलं. माफ केलं, विसरले नाही.

४. आता कारखान्यामागची, माझ्या नावावरची ओढ्याकाठची पट्टी. तिच्यावर तीन हौद आहेत. रंगाचं पाणी त्यांतून निवळून, चुना-कोळसा-वाळूतून गाळून मगच ओढ्याला जातं. चिरंजीवाला हौद बुजवून गोदाम बांधायचं आहे. मला म्हणतो, "आई, शाळेला कुंड्या देऊ, झाडांचे फलक देऊ, वर आपलं नाव. हौद कोण बघतंय? फलक सगळे वाचतात."

हौद कसे झाले ते त्याला ठाऊक नाही. तेव्हा तो पाळण्यात होता.

शाळेतले मास्तर परिसराच्या तासासाठी मदत मागायला आले. ह्यांनी पांढऱ्या रुमालांचा गठ्ठा दिला, कडा न शिवलेला. पोरांनी कडा शिवून दर शनिवारी एक रुमाल ओढ्यात बांधायचा, पुढच्या शनिवारी काढून वाळवायचा. वर्षअखेरीला शाळेच्या हॉलमध्ये दोरीवर सगळे टांगले. खाली पाटी: 'रुमाल आमच्या रंगाऱ्यांकडून सप्रेम'. आणि वर आमच्याच कारखान्यात त्या त्या आठवड्याला जो रंग होता तो. पिवळा, जांभळा, मोरपंखी. वाऱ्याने हलत होते. खोटं कशाला बोलू, इतकं सुंदर काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सर्वांत लाल होता तो मी लोक यायच्या आत काढून पिशवीत घातला आणि घरून आणलेला पांढरा लावला. ह्यांची लाज राखायला. देवाला त्या दिवशी दोनदा नमस्कार केला होता, तरीही.

एक चष्मेवाली पोरगी, नऊएक वर्षांची, दोरीखाली थांबली. "काकू, हा आमचा नाही. आम्ही धावदोरा घालतो. ह्याला यंत्राची शिवण आहे. तुमची."

हे माझ्याजवळ आले, पिशवीत हात घातला, लाल रुमाल काढला आणि स्वतः दोरीला लावला. पोरीला म्हणाले, "बाळ, रंग कसा बसलाय सांग." ती म्हणाली, "पक्का." हे हसले. घरी जेवले नाहीत. महिन्याभरात पहिला हौद खणला.

म्हणून पट्टीचं असं: माझ्यानंतरच्या पहिल्या शनिवारपासून शाळेच्या मुलांनी पुन्हा रुमाल बांधावेत. कापड चिरंजीवाने द्यावं, कडा मुलांनी शिवाव्यात. एका आठवड्याचं सोंग कोणालाही जमतं, मी केलंय. म्हणून वर्षभर, बावन्न शनिवार. बावन्नही पांढरे निघाले तर पट्टी हौदांसकट चिरंजीवाची, आणि हौद ठेवायचे की नाही ते त्याचं त्याला तोवर कळलेलं असेल. एक जरी रंगला तर पट्टी शाळेची.

निवाडा शाळेतल्या बाईंनी द्यावा. त्याच त्या चष्मेवाल्या, आता तिथेच शिकवतात. वकील म्हणाले, मग त्यांची साक्ष नको. बाई म्हणाल्या, "काकू, मी सूट देणार नाही हं." म्हटलं, म्हणूनच तुम्ही.

५. हा कागद ज्या कापडात गुंडाळला आहे तो लाल रुमालही चिरंजीवाला. पुष्कळदा धुतलाय, रंग जात नाही. बाळा, तुझ्या वडिलांच्या हातचा आहे तो. खिशात ठेव, आणि ओढ्यावर गेलास की एकदा काढून बघ.

वरील मजकूर मी वाचला, मला वाचूनही दाखवला, दोन्ही वेळा तोच निघाला.

सही: रंगाऱ्यांची बायको

आमच्यासमोर सही झाली:
१. घरचे डॉक्टर (काकूंची शुद्ध आमच्यापेक्षा बरी आहे)
२. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला

स्थळ: राहतं घर, ओढ्याकडची खोली, खिडकी उघडी
दिनांक: ७ फेब्रुवारी २०२६, शनिवार. आज पाणी स्वच्छ आहे.