साडेचार इंच

शनिवार, ४ ऑगस्ट २०१८

१९७१ च्या उन्हाळ्यात दर रविवारी चर्चमधून निघालो की आम्ही कालव्याजवळच्या आइस्क्रीमच्या टपरीसमोर गाडी उभी करायचो. एमिल आणि मी, बॉनेटला टेकून. माझं आइस्क्रीम फार लवकर वितळायचं. थेंब चाकावर पडला की एमिल खिशातून रुमाल काढून आधी चाक पुसायचा, मग माझी हनुवटी. या क्रमाचा मला कधी राग आला नाही. चाकं होतीच तशी. ॲल्युमिनियमची, पाच आऱ्यांची. त्यांत बघून मी लिपस्टिक नीट करत असे.

कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात एमिलने ती चाकं विकली. घर गरम राहिलं. आमची गाडी, पॉन्टिॲक, तेव्हापासून साध्या लोखंडी चाकांवर आहे.

आता नातीचं, टेसाचं, लग्न २२ सप्टेंबरला. ती सहा वर्षांची असताना एमिलने कबूल केलंय की चर्चला तिला पॉन्टिॲकमधून तोच नेणार. डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवा सांगितलं, सप्टेंबरअखेर लायसन्स परत करा. म्हणजे ही त्याची शेवटची फेरी. काल जेवताना म्हणाला, पोरीला लोखंडी चाकांवर नेऊ? पांढऱ्या झग्याखाली गमबूट घातल्यासारखं दिसेल.

संकल्प: तशीच चार जुनी चाकं मी शोधून आणणार. एमिलला पत्ता लागू द्यायचा नाही. सात आठवडे आहेत. एवढे लागणारही नाहीत.

मंगळवार, ७ ऑगस्ट. दुपारी २

एमिल झोपलाय. शिवणाची टेप घेऊन गॅरेजमध्ये गेले. चाक पाच नटांवर बसतं. त्या नटांमधलं अंतर जुळलं की झालं. एका नटापासून समोरच्या नटापर्यंत मोजलं. समोर नेमका नट येत नाही, जरा बाजूला येतो. त्याने काय बिघडतं!

साडेचार इंच. तीनदा मोजलं, तिन्हीदा साडेचार. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅम्ब्रोज यांनी माझ्या वहीवर ‘अचूक’ असा शेरा दिला होता. शिवणकामासाठी दिला होता, पण वही भूमितीचीच होती.

रविवार, १२ ऑगस्ट

जत्रेच्या मैदानावर जुन्या सुट्या भागांचा बाजार. एमिलला सांगितलं, चर्चच्या महिला मंडळाची मीटिंग आहे. (शनिवारी कन्फेशनला सांगून टाकीन.) मेकॅनिक वाटावं म्हणून एमिलची टोपी घातली. पहिलाच विक्रेता म्हणाला, मावशी, काचेच्या बरण्या पलीकडच्या रांगेत.

मी त्याला माफ केलं. चाकं मिळाली नाहीत. मात्र बाजाराचा अंदाज पूर्ण आला.

ता. क. बरण्या चांगल्या होत्या. सहा घेतल्या.

रविवार, २६ ऑगस्ट

मिळाली!! ड्वेन नावाच्या दाढीवाल्याकडे, ट्रकच्या मागे, घोंगडीखाली. पाच आऱ्यांची, चार. काळवंडलेली, पण मी लगेच ओळखली.

मी म्हटलं, साडेचार इंच हवं. त्याने पितळी मापकाने मोजून दाखवलं. बाईसाहेब, अगदी साडेचार. मग विचारलं, गाडी कुठली? मी सांगितलं नाही. गाडीचं नाव कळलं की भाव चढतो हे मी वाचलंय. त्याने पुन्हा विचारलं. मी आभाळाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाला, अहो, तुमच्या भल्यासाठी विचारतोय, मला कुठे तुमच्या मुलीला मागणी घालायचीय! मी म्हटलं, ते माझं खासगी आहे. बिचारा हरला. त्याने मागितली तेवढीच किंमत मला द्यावी लागली, पण गाडीचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही.

बुधवार, २९ ऑगस्ट

एमिल डॉक्टरकडे. एक चाक डिशवॉशरमध्ये बसतं. वरचा ट्रे काढावा लागतो. चारही धुतली, जास्त घाण भांड्यांच्या बटणावर.

संध्याकाळी ५: चाकं करडी झाली आहेत. तव्याच्या बुडासारखी. वाळली की उजळतील.

शनिवार, ८ सप्टेंबर

उजळली नाहीत. दहा दिवस तळघरात पॉलिश घासतेय. तिसरं चाक आता चमच्याइतकं चमकतं, बाकीची काट्यांइतकी. एमिलने जेवताना माझ्या हातांकडे पाहून विचारलं, महिला मंडळात सध्या कोळसा वाटतात का? मी म्हटलं, मेणबत्त्यांची काजळी. तो म्हणाला, बरं, बर्न. (लग्नापासून मला याच नावाने हाक मारतो.) आणि मला बटाटा वाढला. त्याला शंकासुद्धा येत नाही. पुरुष असे निरागस असतात.

शनिवार, १५ सप्टेंबर

मुलीने एमिलला सूट शिवायला नेलं. शेजारचा वेंडेल जॅक घेऊन आला. गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवली, लोखंडी चाकं काढली. त्यांचे टायर नव्या चाकांवर चढवायला दुकानात दिले, शुक्रवारी मिळतील.

वेंडेल म्हणाला, काकू, टायर चढवण्याआधी एक चाक नुसतं लावून बघू या? मी म्हटलं, वेंडेल, झगा पूर्ण शिवून होईपर्यंत नवरीच्या अंगाला लावत नाहीत. तो म्हणाला, लावतात. त्याला मुलगी नाही, त्याला काय कळणार!

लोखंडी चाकं भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये घालून दिली. परतीचा रस्ता ठेवला की मन डळमळतं.

एमिलला सांगितलंय, गॅरेजमध्ये रंगाचा वास आहे, जाऊ नकोस.

शुक्रवार, २१ सप्टेंबर. सायंकाळी ६

टायरसकट चाकं आली. वेंडेलने पहिलं चाक लावलं. दोन बोल्ट बसले, तीन बसले नाहीत. मी म्हटलं, चाळीस टक्के झालं, आता जोर लाव.

त्याने जोर लावला नाही. टेप मागितली. म्हणाला, काकू, पाच बोल्टांना असं सरळ मोजत नाहीत. ते वर्तुळावर असतात, वर्तुळ मोजायचं. तुमच्या गाडीला पावणेपाच लागतं. साडेचार फोर्डला.

मी विचारलं, पाव इंचाने एवढं काय होतं? तो म्हणाला, चाक निघून पुढे जातं, काकू, आणि नवरी मागे राहते.

त्याने सात जणांना फोन केले. पावणेपाचची चाकं सोमवारी मिळतील, आधी नाही. लग्न उद्या अकराला.

शनिवार, २२ सप्टेंबर. रात्री

एमिल साडेनऊला नवा सूट घालून सरळ गॅरेजमध्ये गेला. मी मागे धावले. त्याने ठोकळ्यांकडे पाहिलं. भिंतीला टेकलेल्या चाकांकडे पाहिलं. वाकून तिसऱ्या चाकावर हात फिरवला. म्हणाला, डिशवॉशर ना? गेले तीन आठवडे माझ्या कॉफीला लोखंडाची चव आहे. मी म्हटलं, ॲल्युमिनियमची.

इतक्यात टेसा आली. सगळा झगा गोळा करून मागच्या सीटवर बसली. म्हणाली, आजोबा, चला, उशीर होतोय. एमिलने गाडी सुरू केली. आम्ही तिघं दहा मिनिटं बसलो. त्याने आरसा नीट केला, वळणावर इंडिकेटर दिला, रेल्वे फाटकाशी थांबला. टेसा म्हणाली, आजोबा, हळू! तो म्हणाला, बाई, तिसाच्या वर काटा गेलेला नाही. काटा शून्यावर होता. मी गॅरेजचं दार उघडं धरायला उतरले, म्हणजे धूर जावा. आणखी दुसरं कारण नव्हतं.

मग ती फुलवाल्याच्या व्हॅनमधून चर्चला गेली. आम्ही वेंडेलच्या गाडीतून.

रविवार, २३ सप्टेंबर

कुणाला काय द्यायचं ते या वहीत नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको.

चारही चाकं, टायरसकट, वेंडेलला. त्याच्याकडे फोर्ड नाही, पण चाकं इतकी चांगली आहेत म्हणतो की तो आता फोर्ड शोधतोय. त्याची बायको माझ्याशी बोलत नाही.

पितळी मापक (ड्वेनकडे होतं तसंच, काल वेंडेलने दिलेलं) मुलीला. तिने वापरू नये.

बरण्या महिला मंडळाला, मीटिंगला.

पॉन्टिॲक टेसाला. पण लगेच नाही. एमिल आहे तोवर ती ठोकळ्यांवरच राहू द्यावी, कुणीही चाकं लावू नयेत. पावणेपाचचीसुद्धा. डावी, म्हणजे स्टिअरिंगची, सीट रोज संध्याकाळी अर्धा तास त्याची. ठोकळ्यांवर लायसन्स लागत नाही. मी लायसन्सच्या ऑफिसात फोन करून दोनदा विचारलंय.

त्याच्या शेजारची उजवी सीट कुणालाही दिलेली नाही.