अळी केव्हा मरते

फ्रानेकर, २ जून १६८४

दुपारी कालव्याच्या होडीने येऊन पोहोचले. ऊन चांगले पडले होते. काठाने होडी ओढणारा घोडा गवताच्या प्रत्येक झुबक्यापाशी थांबत होता आणि फाइके होडीवाला त्याला म्हणत होता, चला जावईबापू, अजून जेवणाला वेळ आहे. माझे गाठोडे पाहून त्याने विचारले, बाई, एवढंच सामान, की नवऱ्याला घडी घालून आणलंय? मग माझा काळा पोशाख त्याच्या ध्यानात आला. त्याने आपल्या चीजचा अर्धा तुकडा माझ्यापुढे सरकवला. मला हसू आले होते, पण माझे हसू कधी बाहेर दिसत नाही.

घर छान आहे. माझी खोली कालव्याकडे तोंड करून आहे. टेबल खिडकीला लावलेले, उजेड डावीकडून येतो. लिहिणाऱ्याला आणखी काय हवे? घर सांभाळणाऱ्या डाउत्सेनबाईंना इथे सगळे मावशी म्हणतात. त्यांनी ताकातली जवाची पेज दिली, वर काकवी घातली आणि म्हणाल्या, खा पोरी, तुझ्यापेक्षा आमच्या झाडूचा दांडा जाड आहे.

डॉक्टर रेनाल्दा उंच, तांबूस आणि मनमोकळे आहेत. काळा पोशाख कोणासाठी, असे त्यांनी विचारले. भावासाठी, मी म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. म्हणाले, बाई, माझ्या घरात दुःखाला घाई नाही, कामाला आहे. भावाचे नाव त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर मी सांगितले असते. नुसत्या हिस्के दौवेस या नावावरून त्यांना काही कळणार नव्हते; दौवेसच्या लेकी या मुलखात गल्लोगल्ली आहेत.

माझ्या भावाचे नाव पाद्री वीत्से दौवेस. फेब्रुवारीत तो गेला. समुद्राच्या बंधाऱ्याकाठी आमचे गाव आहे. तिथे आमच्या स्वयंपाकघरात तो वर्षानुवर्षे अळ्या पाळत होता. सगळे विद्वान मानत होते की अळीचे कधी फुलपाखरू होते, तर कधी माश्यांचा थवा, जसे तिच्या नशिबात असेल तसे. वीत्सेने पाहिले की एक बारीक माशी अळीला टोचते, तिच्या आत अंडी घालते, आणि तिची पिले अळीला आतून खातात. हे सारे त्याने डॉक्टर रेनाल्दांना पत्रांतून कळवले, चित्रेही पाठवली. डॉक्टरांनी ते आपले म्हणून विद्वानांत वाचले. वीत्सेने तक्रार केली तेव्हा त्यांनी ओळखीच्या प्रत्येकाला लिहिले की पाद्र्याला वेड लागले आहे. चर्चने त्याचे काम काढून घेतले. मग तो अंथरुणातून उठला नाही.

या शरदात डॉक्टरांची पत्रे ॲमस्टरडॅमला छापली जाणार आहेत. त्यांच्या स्वच्छ नकला करायला मला ठेवले आहे. मला एवढेच हवे आहे की ती पत्रे त्या पुस्तकात यावीत आणि खाली वीत्सेचे नाव असावे.

मरताना त्याने माझे उजवे मनगट घट्ट धरून ठेवले होते. नखाची खूण अजून बुजलेली नाही. दुखत मात्र नाही.

६ जून

काम आवडते आहे. ही माणसे एकमेकांच्या घरी कधी गेलेली नसतात, पण एकाच्या संधिवाताची खबर दुसऱ्याला असते. आधी लांबलचक नमस्कार, मग हवा, मग प्रकृती, आणि शेवटी एखादा भुंगा. डान्झिगहून आज पतंगाचा एक पंख आला, कागदाच्या घडीत, मोडलेला. लायडनहून बिया आल्या. आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर गेलेच पाहिजे, हा या लोकांचा धर्म आहे. उत्तर राहिलेली पत्रे डॉक्टर खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवतात आणि त्या खिळ्याकडे चोरासारखे बघतात.

वीत्सेकडेही एक उत्तर राहिले होते. डॉक्टरांनी शेवटच्या पत्रात विचारले होते, अळी नक्की केव्हा मरते? उत्तर लिहायच्या आतच त्याला त्यांची चोरी कळली. आजारात तो तेच घोकत होता: माझ्याकडे उत्तर राहिलंय, हिस्के, तू लिही, तुझ्या हातानं लिही. लिहीन, असे मी म्हणाले होते. त्याचा हात कापत असे, म्हणून त्याची सगळी पत्रे मीच उतरवून देत असे. डॉक्टर ते सरळ अक्षर ओळखतात. इथे मी तिरपे लिहिते.

उत्तर मला ठाऊक आहे. अळी लवकर मरत नाही. आतून जितके खाल्ले जाते तितकी ती अधाशासारखी खाते, आणि अंगी काही लागत नाही. पिले काळीज शेवटपर्यंत शिवत नाहीत. मग एक दिवस तिची भूक जाते. तेव्हा समजायचे की ती बाहेर येत आहेत. कातडी फोडून ती पिवळे कोश विणतात आणि पोकळ झालेली अळी त्यांच्यावर पडून राखण करते. जवळ येईल त्याच्यावर मान उडवून झडप घालते. त्यानंतर मरते.

इथल्या बरण्यांतल्या अळ्यांना कोबीची पाने घालायचे काम माझ्याकडेच आले आहे.

१२ जून

दर गुरुवारी दुपारी विद्यापीठातली मंडळी इथे जमतात आणि पत्रे वाचली जातात. मी कोपऱ्यात टिपणे घ्यायला बसले होते. डॉक्टरांनी वीत्सेचे पत्र वाचले, शब्दन्शब्द, आपले म्हणून. सगळ्यांनी टेबलावर हात आपटून दाद दिली. एका प्राध्यापकाने विचारले, तो समुद्राकडचा पाद्री यावर हक्क सांगत होता ना? डॉक्टर म्हणाले, बिचारा हो, अळ्यांना बायबल वाचून दाखवायचा. दुसरे कोणी म्हणाले, मग त्या तुमच्यापेक्षा जास्त शिकल्या असतील, प्राध्यापक. सगळे खूप हसले. हसण्याच्या मध्येच डॉक्टर म्हणाले, डोक्यातच अळी पडली होती त्याच्या, दुसरं काय.

मी टाक तासला आणि पुढे लिहीत राहिले. कोण कोण हसले त्यांची नावे मला पाठ आहेत.

यापुढे मी या रेनाल्दाबद्दल आदरार्थी लिहिणार नाही.

२० जून

आज सकाळच्या टपालात एक पत्र आले. रेनाल्दाने ते उघडले तेव्हा मी समोर होते. आत कोबीचे पान, त्यावर पिवळ्या कोशांचा पुंजका आणि त्या पुंजक्यावर एक जिवंत अळी. मजकूर थोडाच होता: मान्यवर मित्रा, अळी केव्हा मरते, असे आपण विचारले होते. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. आता प्रत्यक्षच दाखवतो. खाली वीत्सेची सही.

अक्षर माझे होते. सरळ, जुने.

रेनाल्दाने पिसाच्या टोकाने अळीला डिवचले. तिने मान उडवली. त्याचा चेहरा मेणबत्तीसारखा झाला. मला म्हणाला, बाई, तुम्ही जा.

मी धक्क्यावर जाऊन फाइकेला विचारले, हे पत्र कोणी दिले? तो म्हणाला, काय बाई, गरिबाची थट्टा करता? सकाळी तुम्हीच तर दिलंत. समुद्राकडच्या डोक्कमहून आलं म्हणून सांग म्हणालात, आणि हसलात. बायकोला सांगितलंसुद्धा मी, त्या काळ्या बाईला दात आहेत म्हणून.

सकाळी मी धक्क्यावर गेल्याचे मला आठवत नाही. बोटांना शाई आहे, पण ती रोजच असते. भीती वाटायला हवी होती. मला त्याचा मेणासारखा चेहराच आठवत राहिला. खाली जाऊन मी पेज घेतली, मग पुन्हा घेतली.

२५ जून

दुसरे पत्र आले. यात अळी आतून कोणत्या क्रमाने खाल्ली जाते, ते लिहिले आहे. रेनाल्दा जेवत नाही. सारखा पोटावर हात फिरवतो. आज त्याने मला विचारले, बाई, मेलेल्या माणसाच्या पत्राला उत्तर कुठं पाठवायचं? मी म्हणाले, पत्त्यावर. बऱ्याच दिवसांनी इतके गोड वाटले.

मला मात्र भूक फार लागते. मावशी म्हणाल्या, अगं बये, खातेस गाडीवानासारखी आणि दिसतेस वल्ह्यासारखी, जातं कुठं सगळं? मासे ठेवलेत मोजून, मांजरावर आळ घेऊ नकोस.

मनगटावरची खूण खाजू लागली आहे.

३ जुलै

झाले. आज गुरुवार. सगळ्यांसमोर रेनाल्दा खुर्चीला धरून उभा राहिला आणि म्हणाला की ते शोध पाद्री वीत्से दौवेसचे आहेत, मी चोर आहे. कोणी हसले नाही. ॲमस्टरडॅमला पत्र त्याने स्वतःच्या हाताने लिहिले, मी फक्त लाख लावली. पुस्तकात नाव येणार. 

वीत्से, तुझे काम झाले. सोमवारच्या होडीने मी घरी जाते.

४ जुलै

पुन्हा पत्र. उत्तर अजून पुरे झालेले नाही, एवढेच.

मावशींना सांगितले, माझी शाई कुलपात ठेवा. त्या म्हणाल्या, का, आता शाईपण पितेस? पण माझ्याकडे पाहून त्यांनी दौत उचलली. अर्धा पाव मी उभ्यानेच खाल्ला. मनगटाच्या कातडीखाली दोऱ्यासारखे काहीतरी आहे. दाबले की सरकते.

७ जुलै

सोमवारची होडी गेली. पाय धक्क्याकडे वळेचनात.

दुपारी उजवा हात पलंगाला बांधून पडले. जाग आली ती टेबलापाशी. शाई कुठून आली, ठाऊक नाही. समोर चौथे पत्र, ओले. मी मोठ्याने म्हणाले, वीत्से, नाव मिळाले ना, आता सोड त्याला. सोड मला.

हाताने खाली लिहिले: नाव मला नको होते. ते तुला हवे होते.

त्याचे अक्षर कापरे असायचे. हे माझेच आहे, सरळ.

९ जुलै

रेनाल्दा गेला. जेवणाच्या वेळी, भर उजेडात. चौथे पत्र वाचून त्याने नस्तर घेतले आणि स्वतःचे पोट उघडले — ती पिले शोधायला. मावशी उंबऱ्यात बसून होत्या. म्हणत होत्या, आत काहीच नव्हतं गं पोरी, काहीसुद्धा नव्हतं —

मग कुठे आहेत?

मला ठाऊक आहे कुठे. फेब्रुवारीपासून.

मी वीत्सेला हवे ते सगळे दिले असते. मागायचे तरी — असे धरून —

१० जुलै

पत्रे. टेबलावर, पलंगावर. गुरुवारी हसलेल्या प्रत्येकाच्या नावाने. लायडन, डान्झिग, लंडन — ज्यांना ज्यांना रेनाल्दाने वीत्सेच्या वेडाबद्दल लिहिले होते. लाख लावलेली. जड आहेत. हात ठेवला तर कोमट.

मावशी ती चुलीत घालायला आल्या. मी नको म्हणणार नव्हते. घाला म्हणणार होते. पण मान — माझी मान उडाली, दात त्यांच्या बाहीत — त्या ओरडल्या. दार लावून गेल्या. मी पत्रांवर आडवी आहे. उठवत नाही.

असे कोण करते, मला माहीत आहे.

सगळे खाल्ले. मेणबत्त्याही.

११ जुलै

आज भूक नाही.

मावशींनी तरी दाराबाहेर वाटी ठेवली — काकवीचा वास — नको. फाइके खालून हाक मारतो, बाई, टपाल द्या, होडी निघाली — हात खिडकीतून देतो आहे, एकेक — मी नाही —

मनगट उघडले. पिवळे. किती नीट विणतात —

वीत्से, काळीज अजून —